ईशान्य मुंबई : जिथला खासदार सलग दुसऱ्यांदा निवडून येत नाही

लोकसभेची निवडणूक जाहीर झाली की ईशान्य मुंबईबद्दल एक वाक्य हमखास ऐकू येतं : इथला खासदार रिपीट होत नाही. ही नुसती वदंता नाही. १९६७ च्या निवडणुकीपासून आजपर्यंत या मतदारसंघातून लागोपाठ दोनदा निवडून आलेला माणूस एकच, सुब्रमण्यम स्वामी. १९७७ आणि १९८० मध्ये. त्यानंतरचा क्रम बघा. गुरुदास कामत, जयवंतीबेन मेहता, पुन्हा कामत, प्रमोद महाजन, पुन्हा कामत, किरीट सोमय्या, पुन्हा कामत, संजय दिना पाटील, पुन्हा सोमय्या, मनोज कोटक आणि २०२४ मध्ये पुन्हा पाटील. १९८४ पासूनच्या ११ निवडणुका, आणि दर वेळी दिल्लीला गेलेला माणूस आधीच्यापेक्षा वेगळा.

यावरून बरेच जण एक सरळ निष्कर्ष काढतात की इथला मतदार लहरी आहे, त्याला दर पाच वर्षांनी बदल हवा असतो. मला हे पटत नाही. उलट मतांचे आकडे समोर ठेवून बसलं की असं दिसतं, मतदार आपल्या जागेवरून फारसा हललेला नसतो. हलतात त्या युत्या, उमेदवाऱ्या आणि मतदारसंघाच्या सीमा. हे नीट समजून घेतलं तर ईशान्य मुंबईच काय, मुंबईतली कोणतीही निवडणूक जास्त स्पष्ट दिसायला लागते. म्हणून हा लेख जरा सविस्तर.

आधी नकाशा

आजचा ईशान्य मुंबई मतदारसंघ म्हणजे मध्य रेल्वेवर विद्याविहारच्या पुढे घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतचा पट्टा, आणि खाली हार्बर लाइनवरचा गोवंडी-मानखुर्दचा भाग. एका बाजूला ठाण्याची खाडी, दुसऱ्या बाजूला विक्रोळी-भांडुपच्या डोंगरउतारावरच्या वस्त्या. यात विधानसभेच्या सहा जागा येतात : मुलुंड, विक्रोळी, भांडुप पश्चिम, घाटकोपर पश्चिम, घाटकोपर पूर्व आणि मानखुर्द-शिवाजीनगर. कागदोपत्री नाव ‘मुंबई उत्तर पूर्व’ असलं तरी बोलताना सगळे ईशान्य मुंबईच म्हणतात.

या सहा जागांची तोंडं सहा दिशांना आहेत. मुलुंड आणि घाटकोपर पूर्व इथे गुजराती आणि मारवाडी व्यापारी वर्ग मोठा, त्याच्या जोडीला मध्यमवर्गीय मराठी सोसायट्या. भाजपचं मूळ बळ इथलं. विक्रोळी आणि भांडुप हे कारखान्यांच्या काळात वसलेले मराठी कामगारांचे भाग. कन्नमवार नगरसारख्या वसाहती, चाळी, डोंगरावरच्या झोपड्या. शिवसेनेच्या शाखा इथे फार जुन्या. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरापासून विक्रोळीपर्यंत बौद्ध वस्त्या आहेत आणि त्यांचं मत कुणी गृहीत धरू नये इतकं सजग आहे. आणि मानखुर्द-शिवाजीनगर, म्हणजे देवनारच्या डंपिंग ग्राउंडच्या कुशीत वाढलेली वस्ती. शहरात इतरत्र पाडलेल्या झोपडपट्ट्यांतली माणसं सत्तरच्या दशकापासून इथे आणून बसवली गेली. आज ही मुस्लिमबहुल आणि मुंबईतल्या सर्वांत गरीब वस्त्यांपैकी एक आहे.

म्हणजे एकाच मतपत्रिकेवर मुलुंडचा व्यापारी, भांडुपचा माथाडी, रमाबाई नगरातली शिक्षिका आणि गोवंडीतला जरीकाम करणारा कारागीर शिक्का मारणार, आता बटण दाबणार. एकाच गटाच्या मतांवर ही जागा जिंकता येत नाही. कुणीही जिंकलं की दोन किंवा तीन गटांची मोट बांधूनच जिंकतं. आणि मोट म्हटली की ती सुटतेही.

मतमोजणीचा साधा नियम

पुढचं कळायला एक नियम पक्का लक्षात हवा. आपल्याकडे निवडून यायला निम्मी मतं लागत नाहीत. सगळ्यांत जास्त मिळाली की पुरे. शंभरातली ३२ मतं मिळवणारा खासदार होऊ शकतो, बाकीची ६८ दोन-तीन जणांत वाटली गेली असतील तर. त्यामुळे निवडणुकीत दोन प्रश्न असतात. आपल्याला किती मतं पडली, हा एक. समोरची मतं एकत्र राहिली की फुटली, हा दुसरा. बातम्यांमध्ये पहिल्याची चर्चा होते. ईशान्य मुंबईत निकाल बहुतेक वेळा दुसऱ्याने लावला आहे.

लोकसभेची मतं विधानसभेच्या जागांप्रमाणे वेगवेगळी मोजली जातात आणि मग एकत्र केली जातात. कार्यकर्त्यांच्या भाषेतला ‘लीड’ तो हाच. मुलुंडमधून आपल्याला किती लीड, मानखुर्दमधून समोरच्याला किती, भांडुप-विक्रोळीत कुणाला काय. सहा आकड्यांची बेरीज-वजाबाकी, आणि शेवटी जो उरतो तो खासदार.

मेनन, बर्वे आणि पहिलीच गाजलेली लढत

या उपनगरांचा राजकीय इतिहास मतदारसंघाच्या नावापेक्षा जुना आहे. १९५२ मध्ये मुंबई उपनगर नावाच्या जागेवरून काँग्रेसच्या जयश्री रायजी लोकसभेत गेल्या. मुलुंड तर तेव्हा मुंबई महापालिकेतही नव्हतं. ते १९५७ मध्ये आलं. त्याच वर्षी व्ही. के. कृष्ण मेनन उत्तर मुंबईतून निवडून आले आणि पुढे देशाचे संरक्षणमंत्री झाले.

१९६२ ची उत्तर मुंबईची लढत ही देशातल्या सर्वांत गाजलेल्या लढतींपैकी एक. मेनन यांच्या विरोधात आचार्य कृपलानी उभे राहिले. चीन सीमेवर घुसखोरी करत असताना संरक्षणमंत्री करतात काय, हा त्यांचा मुद्दा. जनसंघ, स्वतंत्र पक्ष, प्रजा समाजवादी असे एरवी एकमेकांशी न पटणारे पक्ष कृपलानींच्या मागे उभे राहिले. मेनन यांच्यासाठी स्वतः पंडित नेहरू प्रचाराला आले, कम्युनिस्टांनी साथ दिली, सिनेसृष्टीतली मंडळी रस्त्यावर उतरली. मेनन मोठ्या फरकाने जिंकले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चीनचं आक्रमण झालं आणि मेनन यांना मंत्रिपद सोडावं लागलं. कृपलानी मत मागताना जे बोलत होते ते काही महिन्यांत खरं ठरलं, पण मतपेटी तोवर बंद होऊन उघडलीही होती.

१९६७ साली उपनगरांच्या जागांची नव्याने आखणी झाली आणि ईशान्य मुंबई हे नाव पहिल्यांदा आलं. मेनन यांना काँग्रेसने तिकीट नाकारलं. मुंबई काँग्रेसवर स. का. पाटील यांची पकड होती आणि मेनन त्यांना नको होते. ‘मुंबईबाहेरचा माणूस’ हे कारण पुढे करण्यात आलं. मेनन यांनी पक्ष सोडला आणि अपक्ष अर्ज भरला. समोर काँग्रेसने दिले स. गो. बर्वे.

बर्वे हे नाव आज फार कमी लोकांना आठवतं, याची मला खंत वाटते. आयसीएस अधिकारी. १९६१ मध्ये पानशेत फुटून पुणं वाहून गेलं तेव्हा शहर पुन्हा उभं करायचं काम त्यांच्याकडे सोपवलं होतं. त्याआधी १९५८-५९ मध्ये बृहन्मुंबईच्या वाढीचा अभ्यास करणाऱ्या गटाचे ते प्रमुख होते. ठाण्याच्या खाडीवर पूल बांधा आणि पलीकडच्या काठावर नवी वस्ती होऊ द्या, अशी शिफारस त्या गटाने केली. आजच्या नवी मुंबईची कल्पना जिथून सुरू होते त्या ठिकाणांपैकी हे एक. ज्या खाडीच्या काठावर हा मतदारसंघ आहे, तिच्याबद्दल इतका विचार केलेला दुसरा उमेदवार इथे क्वचितच उभा राहिला असेल. कुर्ला-चेंबूरकडे स. गो. बर्वे मार्ग आहे, तो त्यांच्या नावाचा.

१९ जून १९६६ ला स्थापन झालेली शिवसेना तेव्हा जेमतेम आठ महिन्यांची होती. तिने बर्वे यांना पाठिंबा दिला. मराठी माणूस विरुद्ध दाक्षिणात्य, वर कम्युनिस्टांचा लाडका, असा प्रचार झाला. म्हणजे ‘आपला की बाहेरचा’ हा प्रश्न या मतदारसंघाच्या पहिल्याच निवडणुकीत विचारला गेला आहे. बर्वे जिंकले. पण शपथ घ्यायच्या सुमारासच, मार्च १९६७ मध्ये त्यांचं निधन झालं. पोटनिवडणूक लागली. काँग्रेसने बर्वे यांच्या भगिनी तारा सप्रे यांना उभं केलं आणि मेनन पुन्हा हरले. काही महिन्यांत एकाच जागेवर एकाच माणसाचे दोन पराभव, एकदा भावाकडून आणि एकदा बहिणीकडून. पुढे मेनन पश्चिम बंगालमधल्या मिदनापूरहून आणि नंतर त्रिवेंद्रमहून लोकसभेत गेले. १९७१ मध्ये इंदिरा लाटेत ईशान्य मुंबई काँग्रेसच्या राजाराम कुलकर्णी यांच्याकडे आली.

आणीबाणीनंतर

१९७७ ला जनता पक्षाने इथे सुब्रमण्यम स्वामींना उभं केलं. आणीबाणीत पोलीस शोधत असताना ऑगस्ट १९७६ मध्ये ते राज्यसभेत प्रकटले आणि निसटले, ही गोष्ट तेव्हा घरोघरी ठाऊक होती. पण मला वाटतं, या भागात आणीबाणीची सल त्याहून जवळची होती. १९७६ मध्ये ट्रॉम्बेजवळची जनता कॉलनी पाडून तिथल्या हजारो लोकांना चिता कॅम्पला नेऊन टाकण्यात आलं. भाभा अणुसंशोधन केंद्रासाठी ती जागा हवी होती. उपनगरातल्या गरीब माणसाला आणीबाणी म्हणजे काय हे वर्तमानपत्र वाचून कळलं नव्हतं.

१९८० मध्ये इंदिरा गांधी देशभर परत आल्या, पण मुंबईतल्या बहुतेक जागा जनता पक्षाकडेच राहिल्या. स्वामी दुसऱ्यांदा निवडून आले. त्यांच्यानंतर हे कुणालाच जमलेलं नाही.

कामतांची चार आगमनं

१९८४ मध्ये इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत गुरुदास कामत जिंकले. वय अवघं तीस, युवक काँग्रेसमधून आलेले. पुढची वीस वर्षं ईशान्य मुंबईचं राजकारण म्हणजे कामत येणार की जाणार, एवढंच होतं. १९८४, १९९१, १९९८ आणि २००४ मध्ये ते आले. मधल्या १९८९, १९९६ आणि १९९९ मध्ये भाजप आला.

हा झोपाळा का हलत होता? १९८९ ला भाजप आणि शिवसेना युती करून लढले. मुलुंड-घाटकोपरचा भाजपचा मतदार आणि भांडुप-विक्रोळीचा सेनेचा मतदार एका चिन्हावर आला आणि जयवंतीबेन मेहता जिंकल्या. १९९६ ला युतीचं राज्यात सरकार होतं. मुंबईतल्या सहाच्या सहा जागा युतीने घेतल्या, त्यात ईशान्य मुंबईतून प्रमोद महाजन. १३ दिवसांच्या वाजपेयी सरकारात ते संरक्षणमंत्री होते. मेनन यांच्यानंतर या पट्ट्यातून निवडून आलेला हा दुसरा संरक्षणमंत्री.

मग ११ जुलै १९९७ चा दिवस आला. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, आणि राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. दहा माणसं गेली. राज्यात सरकार युतीचं. पुढच्याच फेब्रुवारीत लोकसभेची मध्यावधी निवडणूक झाली. शरद पवारांच्या पुढाकाराने राज्यात काँग्रेस, रिपब्लिकन गट आणि समाजवादी पक्ष एकत्र आले होते. दलित, मुस्लिम आणि काँग्रेसची पारंपरिक मतं एका बाजूला गोळा झाली. महाजन पडले, कामत जिंकले. त्या निवडणुकीत एकट्या गोळीबाराने निकाल फिरवला असं मी म्हणणार नाही. राज्यभर हीच एकजूट चालली आणि चार रिपब्लिकन खासदार निवडून आले. पण ईशान्य मुंबईत त्या एकजुटीला चेहरे होते, नावं होती, ताज्या जखमा होत्या.

दीड वर्षात पवार काँग्रेसमधून बाहेर पडले आणि राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन झाली. १९९९ ला राज्यात दोन्ही काँग्रेस वेगवेगळ्या लढल्या. ९८ ची एकजूट मोडली आणि किरीट सोमय्या यांनी कामतांना हरवलं. २००४ ला दोन्ही काँग्रेस पुन्हा एकत्र, आणि कामतांनी सोमय्यांना हरवलं. मुंबईतल्या सहापैकी पाच जागा त्या वर्षी काँग्रेसने घेतल्या.

१९९८, १९९९ आणि २००४ हे तीन निकाल शेजारी ठेवा. सहा वर्षांत तीनदा खासदार बदलला. रमाबाई नगर, मुलुंड आणि भांडुप इथल्या माणसांचे विचार या सहा वर्षांत तीनदा उलटेपालटे झाले असतील का? त्यापेक्षा हे सोपं आहे : विरोधी मतं एकदा एकत्र, एकदा फुटलेली, एकदा पुन्हा एकत्र.

मध्येच बदललेल्या सीमा

इथे थोडा वेळ थांबायला हवं, कारण २००४ आणि २००९ चे ईशान्य मुंबई हे नावाने एक असले तरी नकाशावर एक नाहीत.

मतदारसंघांच्या सीमा जनगणनेनुसार आखल्या जातात. पण आणीबाणीत ४२ व्या घटनादुरुस्तीने जागांची फेरवाटणी गोठवण्यात आली, आणि १९७१ च्या जनगणनेवर आखलेल्या सीमा २००४ पर्यंत चालल्या. या तीस-बत्तीस वर्षांत मुंबई पूर्ण बदलली. गिरणगाव ओसरला, दक्षिण मुंबईची वस्ती घटत गेली, आणि माणूस लोकल पकडून उत्तरेला आणि पूर्वेला सरकला. उपनगरातला एकेक मतदारसंघ फुगत गेला, तिकडे शहरातला छोट्या मतदारसंख्येचा राहिला. तुमचं मत गिरगावात असेल तर त्याला जास्त वजन, मुलुंडला राहायला गेलात की कमी.

२००१ च्या जनगणनेवर न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगाने नव्या सीमा आखल्या. त्या २००८ मध्ये लागू झाल्या आणि इथे २००९ मध्ये पहिल्यांदा वापरल्या गेल्या. पूर्वी मुंबईच्या विधानसभेच्या ३४ जागांपैकी १७ शहरात आणि १७ उपनगरात होत्या. नव्या आखणीत ३६ झाल्या, त्यातल्या शहरात १० आणि उपनगरात २६. शहराचं वजन कुठे सरकलं आहे हे सांगणारा याहून बोलका आकडा मला माहीत नाही. लोकसभेच्या जागा मात्र सहाच राहिल्या, त्यामुळे रेघा सरकवाव्या लागल्या. ट्रॉम्बे-चेंबूरकडचा भाग अणुशक्तीनगर आणि चेंबूर या जागांमधून दक्षिण मध्य मुंबईला जोडला गेला. कामतांनी ज्या नकाशावर वीस वर्षं काम केलं होतं तो नकाशाच राहिला नाही. ते २००९ ला उत्तर पश्चिम मुंबईतून लढले आणि जिंकले.

२००९ आणि २०१४ : तेवढीच मतं, एकदा विजय, एकदा दारुण पराभव

माझा सगळा मुद्दा या दोन निवडणुकांत दिसतो.

२००९ ला आघाडीत ही जागा राष्ट्रवादीला सुटली आणि भांडुपचे आमदार संजय दिना पाटील उभे राहिले. युतीकडून सोमय्या. तिसरा उमेदवार होता राज ठाकरे यांच्या महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे शिशिर शिंदे. मनसे तीन वर्षांची होती, पहिलीच लोकसभा लढत होती, आणि मराठी तरुणांत तिचं वारं होतं. निकाल असा लागला : पाटील २,१३,५०५, सोमय्या २,१०,५७२, शिंदे १,९५,१४८.

तीन जवळपास सारखे तुकडे. पाटील २,९३३ मतांनी जिंकले. मनसेने घेतलेली मतं सगळी युतीचीच होती असं ठामपणे म्हणता येणार नाही, पण भांडुप-विक्रोळीचा मराठी मतदार दुभंगला हे उघड होतं. त्या वर्षी मुंबईतल्या सहाही जागा काँग्रेस-राष्ट्रवादीने जिंकल्या, आणि मनसेची मोठी मतं हे त्याचं एक प्रमुख कारण मानलं गेलं.

आता २०१४. मनसेचा उमेदवार इथे नव्हता. भाजप-सेना एकत्र, रामदास आठवले युतीबरोबर, वर नरेंद्र मोदींची लाट. आम आदमी पक्षाने मेधा पाटकर यांना उभं केलं होतं. मानखुर्द-गोवंडीच्या झोपड्यांसाठी त्यांनी वर्षानुवर्षं लढे दिलेले. त्यांना ७६,४५१ मतं मिळाली. सोमय्यांना ५,२५,२८५ मतं पडली आणि ते ३,१७,१२२ मतांनी जिंकले. पाटील यांची मतं किती? २,०८,१६३.

हा आकडा २००९ च्या शेजारी ठेवून पुन्हा वाचा. पाटलांची मतं पाच वर्षांत सव्वापाच-साडेपाच हजारांनी कमी झाली, बस्स. खासदार म्हणून त्यांच्यावर लोक फार चिडले होते असं या आकड्यातून दिसत नाही. ज्यांनी २००९ ला त्यांना मत दिलं होतं त्यांच्या संख्येइतक्याच लोकांनी २०१४ ला दिलं. तेवढ्याच मतांवर आधी खासदारकी मिळाली आणि नंतर सव्वातीन लाखांच्या आसपासचा पराभव. समोर फुटलेली मतं एकत्र आली, शिवाय २००९ ला घरी बसलेले बरेच लोक या वेळी बाहेर पडले. चॅनेलवर त्या रात्री ‘पाटलांना नाकारलं’ असं ऐकलं असेल तर ते अर्धवट होतं.

जिंकूनही पत्ता कट

‘रिपीट होत नाही’ या म्हणण्यात आणखी एक घोळ आहे. विद्यमान खासदार लढला आणि लोकांनी पाडला, असं दर वेळी झालेलं नाही. १९९८ ला महाजन, १९९९ ला कामत, २००४ ला सोमय्या आणि २०१४ ला पाटील हे खासदार असताना लढून पडले. पण २००९ ला कामत दुसरीकडे गेले. २०१९ ला सोमय्या आणि २०२४ ला कोटक यांना पक्षाने तिकीटच दिलं नाही. मतदाराने निकाल द्यायच्या आधी पक्षाने दिला.

२०१९ चं कारण सर्वांना माहीत आहे. २०१७ च्या महापालिका निवडणुकीत भाजप आणि सेना वेगळे लढले तेव्हा सोमय्यांनी उद्धव ठाकरे आणि महापालिकेच्या कारभारावर जहाल आरोप केले होते. दोन वर्षांनी युती पुन्हा झाली आणि शिवसैनिकांनी सांगितलं, सोमय्यांचं काम करणार नाही. भांडुप-विक्रोळीची सेनेची मतं हातची गेली तर मुलुंडच्या लीडवर भागत नाही, हे भाजपला ठाऊक होतं. सव्वातीन लाखांच्या फरकाने जिंकलेल्या खासदाराचं तिकीट कापून मुलुंडचे नगरसेवक मनोज कोटक यांना दिलं गेलं. कोटक ५,१४,५९९ मतं घेऊन २,२६,४८६ मतांनी जिंकले. पाटलांना २,८८,११३. वंचित बहुजन आघाडीने ६८ हजारांवर मतं घेतली, पण ती पाटलांच्या मतांत मिळवली तरी निकाल बदलत नव्हता. नव्या सीमांमध्ये भाजप-सेना एकत्र आणि मराठी मत न फुटलेलं असेपर्यंत ईशान्य मुंबईत त्यांना हरवणं फार अवघड, हे या दोन निवडणुकांनी दाखवून दिलं.

२०२४ : मोट नव्याने बांधली गेली

आणि मग सेनाच फुटली. पाटील २०१९ मध्येच शिवसेनेत गेले होते आणि फुटीनंतर उद्धव ठाकरे यांच्याबरोबर राहिले. २०२४ ला ते मशाल चिन्हावर उभे. भाजपने कोटकांऐवजी मुलुंडचे आमदार मिहीर कोटेचा यांना आणलं. सोमय्या, कोटक, कोटेचा हे तिघेही मुलुंडच्या राजकारणातून पुढे आलेले आणि गुजराती भाषक, हे प्रचारात उचललं जाणार होतंच. घाटकोपरच्या एका गुजरातीबहुल सोसायटीत मराठी कार्यकर्त्यांना पत्रकं वाटायला आत सोडलं नाही, अशा आरोपावरून वातावरण तापलं. १३ मे ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर अवाढव्य होर्डिंग कोसळून १७ माणसं दगावली. दोनच दिवसांनी त्याच घाटकोपरमध्ये पंतप्रधानांचा रोड शो झाला. २० मे ला मतदान.

पाटील ४,५०,९३७, कोटेचा ४,२१,०७६. फरक २९,८६१.

२०१९ च्या तुलनेत भाजपची सुमारे ९३ हजार मतं कमी झाली आणि पाटलांची १ लाख ६२ हजारांवर वाढली. सर्वांत मोठा हिसका मानखुर्द-शिवाजीनगरने दिला. तिथे पाटलांना ८० हजारांहून जास्त लीड मिळालं, म्हणजे मुलुंडच्या भक्कम भाजप लीडला पुरून उरेल एवढं. या लीडबद्दल ‘व्होट जिहाद’ वगैरे बरंच बोललं गेलं. मला ते अन्यायाचं वाटतं. मुलुंडचा मतदार वर्षानुवर्षं एकगठ्ठा एका पक्षाला मत देतो तेव्हा त्याला बालेकिल्ला म्हणतात. गोवंडीचा देतो तेव्हा संशय घेतात. देवनार आणि गोवंडीने १९९२-९३ च्या दंगली पाहिल्या आहेत. त्याच वस्तीने २०२४ मध्ये शिवसेनेच्या एका गटाच्या चिन्हावर बटण दाबलं, ही मुंबईच्या राजकारणातली फार मोठी गोष्ट आहे. तिची नीट दखल घ्यायची तर त्या माणसांनी काय विचार केला असेल, हे आधी विचारायला हवं.

भांडुप-विक्रोळीतली सेनेची निष्ठावान मतं, मानखुर्दची मुस्लिम मतं, काँग्रेस आणि शरद पवार गटाची मतं, आणि संविधानाच्या मुद्द्यावर वळलेला बौद्ध मतदार. पाटलांची ही मोट २००९ ला कल्पनेतही बसली नसती. तेव्हा ते ज्या मतदारांविरुद्ध जिंकले होते, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या जोरावर ते पंधरा वर्षांनी पुन्हा जिंकले.

मग पाच-सहा महिन्यांत विधानसभा आली. मुलुंडला कोटेचा, घाटकोपर पूर्वला पराग शाह, घाटकोपर पश्चिमला राम कदम हे भाजपचे तिघे निवडून आले. भांडुपला एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेचे अशोक पाटील. विक्रोळी ठाकरे गटाच्या सुनील राऊत यांनी राखली आणि मानखुर्द-शिवाजीनगर समाजवादी पक्षाच्या अबू आझमींनी. सहापैकी चार जागा महायुतीकडे. लोकसभेची मोट विधानसभेत जागोजागी सुटली, कारण विधानसभेत मानखुर्दचं लीड भांडुपला कामाला येत नाही. प्रत्येक जागा आपापल्या बेरजेवर.

पाटील पुढच्या वेळी उभे राहिले तर स्वामींनंतर सलग दोनदा जिंकणारे पहिले होतात का, याची चर्चा तेव्हा होईलच. त्याआधी दोन गोष्टींकडे लक्ष ठेवा. एक, महाराष्ट्रातल्या कोणत्या दोन पक्षांचं पटतं आणि कोणत्या दोघांचं फाटतं. दुसरी, जनगणना. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेनंतर मतदारसंघांची फेरआखणी होण्याचा मार्ग मोकळा होतो, आणि २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीतलं महिला आरक्षणही त्या आखणीला बांधलेलं आहे. या जागेने आजवर दोनच महिला दिल्लीला पाठवल्या, तारा सप्रे आणि जयवंतीबेन मेहता. नवी आखणी येईल तेव्हा मानखुर्द मुलुंडबरोबर राहील की २००८ ला चेंबूर गेलं तसं दुसरीकडे जाईल, यावर इथले पुढचे कित्येक निकाल ठरतील. आयोग मसुदा काढतो तेव्हा हरकती आणि सूचना मागवतो. सर्वसामान्य मतदारालाही त्या देता येतात.